धागा: अमेरिकेचं औद्योगिकीकरण आणि समुद्रापारचा विस्तार (१८६५–१९१४) – हायस्कूलच्या वर्गात शिकवायचं कसं?

फळा_खडू

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या हायस्कूलांत इतिहास शिकवणारे आणि भारतात आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत शिकवणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा.

कॅलिफोर्नियाच्या अकरावीच्या आराखड्यात औद्योगिकीकरण ११.२ मध्ये येतं आणि जागतिक सत्ता म्हणून उदय ११.४ मध्ये. एपी यूएस हिस्टरीत (हायस्कूलमध्ये घेतला जाणारा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम) पहिला भाग कालखंड ६ मध्ये (१८६५–१८९८) आणि दुसरा कालखंड ७ मध्ये (१८९०–१९४५). अडचण इथूनच सुरू होते. मुलं पोलादवाला कार्नेगी आणि तेलवाला रॉकफेलर एका प्रकरणात पाठ करतात, क्युबा-फिलिपिन्स दुसऱ्या, आणि दोन्हींचा संबंध विचारला की सगळ्यांकडून एकच वाक्य येतं: कारखान्यांत माल जास्त झाला, बाजारपेठ हवी होती, म्हणून वसाहती घेतल्या.

हे वाक्य पूर्ण खोटं नाही, पण ते उत्तर म्हणून देऊ नये, तपासायला द्यावं. 'कारखान्यांनी अमेरिकेला समुद्रापार ढकललं का?' हा एकच प्रश्न पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावा आणि सगळा घटक त्याच्यावर उभा करावा. ५० मिनिटांचे १५ तास धरून माझा आराखडा असा:

तास १–२ रेल्वे. ३–४ पोलाद आणि तेल. ५–६ कामगार, मुख्यतः होमस्टेड (कार्नेगीच्या पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कारखान्यातला १८९२ चा संघर्ष). ७ – १८९३ ची मंदी. ८ – नौदल आणि कोळसा. ९–१० हवाई. ११ – 'मेन' जहाज. १२–१३ फिलिपिन्स. १४ – पनामा. १५ – लेखन.

रेल्वेचे दोन तास कसे घ्यावेत ते आधी सांगतो. कोरा नकाशा द्या. मुलांनी ओमाहा, सॅक्रामेंटो आणि युटातलं प्रोमोंटरी समिट ही तीन ठिकाणं लावायची. १० मे १८६९ ला दोन्ही बाजूंचे रूळ प्रोमोंटरीला जुळले. युनियन पॅसिफिकने पूर्वेकडून १,०८६ मैल टाकले, सेंट्रल पॅसिफिकने पश्चिमेकडून ६९०. हे दोन आकडे शेजारी लिहिले की कोणीतरी विचारतंच, 'पश्चिमेची कंपनी एवढी मागे का?' मग सिएरा नेवाडाचा उभा छेद दाखवायचा आणि बोगदे कोणी खोदले ते सांगायचं. सेंट्रल पॅसिफिकचे बहुसंख्य मजूर चिनी होते. जून १८६७ मध्ये त्यांच्यापैकी काही हजारांनी संप केला होता, आणि कंपनीने त्यांचं धान्य अडवून तो मोडला. त्यानंतर रूळजोडणीचा प्रसिद्ध फोटो द्या आणि त्यात कोण दिसत नाही ते शोधायला सांगा. लगेच १८८२ चा चिनी बहिष्कार कायदा, म्हणजे चिनी मजुरांना देशात यायला बंदी. हा क्रम मोडू नका. कायदा आधी सांगितला की फोटोतलं शोधणं निरर्थक होतं.

प्रमाणवेळेला दहा मिनिटं जरूर द्या. १८ नोव्हेंबर १८८३ ला देशभरची घड्याळं रेल्वे कंपन्यांनी बदलली, काँग्रेसने नव्हे; कायदा १९१८ मध्ये आला. खासगी कंपन्यांची ताकद मुलांना याच्याइतकी चटकन दुसऱ्या कशाने कळत नाही.

आता मला हवंय ते: आकडेवारीचा नेमका सराव, होमस्टेडची मांडणी, आणि हवाई-फिलिपिन्ससाठी वर्गात चालतील अशी मूळ कागदपत्रं.

तक्तेवाला

आकड्यांबद्दल लिहितो.

पोलादाचे तीनच आकडे पुरतात. अमेरिकेचं उत्पादन १८८० मध्ये सुमारे १२.५ लाख टन, १९०० मध्ये सुमारे १ कोटी २ लाख टन. ब्रिटनचं १९०० मध्ये ५० लाखांच्या आत. सोबत रुळांचा भाव: १८६७ मध्ये टनाला सुमारे १६६ डॉलर, १८९८ मध्ये १८ च्या आसपास. मुलांना विचारा, भाव नवव्या हिश्श्यावर आला तरी कार्नेगी श्रीमंत कसा होत गेला? उत्तर टनामागच्या खर्चात आहे, आणि तो खर्च कसा उतरला हे कळायला साखळीचा सराव घ्यावा लागतो.

तो असा. चार जणांच्या गटाला आठ कार्डं: लोहखनिजाची खाण (लेक सुपीरियर), खनिजवाहू जहाज, बंदरापासून पिट्सबर्गपर्यंतची रेल्वे, कोळशाची खाण, कॉनेल्सव्हिलच्या कोकभट्ट्या, चुनखडी, ब्रॅडॉकचा कारखाना, रूळ विकणारा दलाल. पहिल्या फेरीत प्रत्येक कार्डाचा मालक वेगळा आणि प्रत्येक जण आपल्या खर्चावर १० टक्के नफा लावून माल पुढे देतो. दुसऱ्या फेरीत सगळी कार्डं एकाच मालकाची आणि नफा फक्त शेवटी. नफ्यावर नफा कसा चढतो ते मुलं स्वतःच्या हाताने काढतात आणि उभं एकत्रीकरण (खाणीपासून विक्रीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकाच मालकाकडे) व्याख्या न सांगता कळतं. दहा टक्के हा सरावापुरता आकडा आहे, हे कार्डावर छापा, नाहीतर उत्तरपत्रिकेत तो इतिहास म्हणून उतरतो.

आडव्या एकत्रीकरणासाठी (एकाच पायरीवरचे सगळे प्रतिस्पर्धी एका हाती) रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल: १८७० मध्ये ओहायोत स्थापना, १८८० च्या सुमारास देशातलं जवळजवळ ९० टक्के तेलशुद्धीकरण हातात, १८८२ ला ट्रस्ट (अनेक कंपन्या एकाच मंडळाच्या ताब्यात), १८९० ला मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा, १९११ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ३४ कंपन्या. कायदा आणि निकाल यांत २१ वर्षं का गेली, हा गृहपाठाचा चांगला प्रश्न आहे.

हमखास चुकणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, टन. लाँग टन २,२४० पौंडांचा, शॉर्ट टन २,००० पौंडांचा, आणि मेट्रिक टन तिसराच. मुलं तीन संकेतस्थळांवरून तीन आकडे आणतात आणि वाद घालत बसतात. तक्त्याच्या वर एकक ठळक लिहा. दुसरी, त्या काळचे डॉलर आजच्या डॉलरांत किंवा रुपयांत बदलणं. एका गुणकाने काही कळत नाही. मजुरी किती तासांची आणि त्यात घरभाडं-पाव किती येतो, असंच विचारावं. तिसरी, पोलाद, रेल्वे आणि निर्यात एकाच आलेखावर काढणं. मोठ्या आकड्याखाली बाकीच्या रेषा तळाला चिकटतात. १८७० = १०० असा निर्देशांक करून घ्या.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेची निर्यात १८७० मध्ये सुमारे ३९ कोटी डॉलर होती, १९०० मध्ये सुमारे १३९ कोटी. इथपर्यंत पुस्तकी वाक्य टिकतं. पण १९०० चा माल गेला कुठे ते पाहा: तीन-चतुर्थांशाच्या आसपास युरोपात. ज्या चीनच्या बाजारपेठेसाठी एवढा खटाटोप चालला होता तिथे दोन टक्क्यांहूनही कमी. हा वर्तुळालेख मुलांना स्वतः काढायला लावा.

नवी_तुकडी

मग पुस्तकी वाक्य चुकीचंच ठरलं की! मुलांनी विचारलं, 'बाजारपेठ हे कारणच नव्हतं का?' तर काय सांगायचं?

तक्तेवाला

नाही, तसं ठरत नाही, आणि तास वाया जायचा तो इथेच. प्रत्यक्ष विकलेला माल आणि विकण्याची आशा, हे दोन वेगळे पुरावे आहेत. पहिल्यासाठी व्यापाराचे आकडे. दुसऱ्यासाठी अल्बर्ट बेव्हरिज या राजकारण्याचं सप्टेंबर १८९८ चं इंडियानापोलिसचं भाषण. त्यात तो सरळ म्हणतो की आपले कारखाने देशाला वापरता येईल त्याहून जास्त बनवतात आणि आपली जमीन देशाला लागेल त्याहून जास्त पिकवते. १८९३ च्या मंदीनंतर अनेक राजकारण्यांना आणि उद्योजकांना हे पटलेलं होतं. म्हणजे आशा खरी होती आणि तिने निर्णय घडवले. माल मात्र बहुतांश लिव्हरपूल-हॅम्बुर्गलाच जात राहिला. दोन्ही कागद एकाच पानावर छापा, वर आकडे, खाली भाषण. वेगवेगळ्या दिवशी दिले तर मुलं फक्त शेवटचा लक्षात ठेवतात.

सनावळी

होमस्टेडची मांडणी.

बहुतेक ठिकाणी ६ जुलै १८९२ ची लढाईच शिकवली जाते: दोन तराफ्यांतून आलेले ३०० पिंकर्टन (कंपनीने भाड्याने आणलेले खासगी पहारेकरी), नदीकाठचा गोळीबार, दोन्ही बाजूंची मिळून किमान दहा माणसं ठार, मग पेनसिल्व्हेनियाचं सुमारे ८,५०० चं राज्यसैन्य. मुलांना ते थरारक वाटतं, पण भांडण कशाचं होतं ते एकालाही सांगता येत नाही. लढाईला पाच मिनिटं द्या आणि पूर्ण तास करारावर घालवा.

करार असा होता. टनावर काम करणाऱ्या कुशल कामगारांची मजुरी पोलादाच्या बिलेटच्या (ओतीव कांबीच्या) भावाबरोबर वरखाली व्हायची, पण भाव टनाला २५ डॉलरच्या खाली गेला तरी मजुरी २५ वरच मोजायची. १८८९ चा हा करार ३० जून १८९२ ला संपत होता. कंपनीचा प्रमुख फ्रिक याने हा तळ २२ वर मागितला, पुढे २३ वर आला. युनियन २४ पर्यंत उतरली. एका डॉलरवर गाडी अडली. शिवाय कंपनीला कराराची मुदत जूनऐवजी ३१ डिसेंबरला संपायला हवी होती.

वर्गात: समजा २५ च्या भावाला एका कामगाराची रोजची मजुरी २ डॉलर ५० सेंट (हाही सरावाचा आकडा). भाव २७, २५, २३, २२ असताना जुन्या आणि नव्या करारात किती मिळेल? २२ ला नव्या करारात २ डॉलर २० सेंट, म्हणजे १२ टक्के कपात. हे झाल्यावर विचारा, 'मुदत डिसेंबरमध्ये का हवी?' हिवाळ्यात संप केला तर सरपण, भाडं, आजारपण. वर्गातलं कोणी ना कोणी हे स्वतःहून सांगतंच. यानंतरच सांगा की ३,८०० कामगारांपैकी युनियनचे सभासद सुमारे ८०० होते आणि अकुशल मजुराला तासाला १४ सेंट मिळायचे. बारा तासांचे १ डॉलर ६८ सेंट. ज्यांची मजुरी या करारात नव्हतीच तेही संपात का उतरले, यावर चर्चा चांगली रंगते.

भूमिका वाटून गोळीबार 'सादर' करू नका. हसण्यावारी जातो आणि मेलेली माणसं विसरली जातात. वाटाघाट सादर करा: तीन जण कंपनीचे, तीन युनियनचे, दोन गावातले दुकानदार, वीस मिनिटं, आणि शेवटी लेखी मसुदा.

'दरोडेखोर भांडवलदार की उद्योगमहर्षी' हा वादविवाद मी तरी टाळावा असं म्हणेन. दहा मिनिटांत दोन्ही बाजू एकच मुद्दे उगाळायला लागतात.

बंदरावरची

औद्योगिकीकरण आणि विस्तार यांचा सगळ्यात घट्ट सांधा म्हणजे कोळसा. तो तासाचा एक भाग न ठेवता पूर्ण तास द्या.

शिडाच्या जहाजाला वारा पुरतो. वाफेच्या जहाजाला ठरावीक अंतरावर कोळसा लागतो, आणि युद्धात तटस्थ देश आपल्या बंदरात कोळसा भरू देत नाहीत किंवा फार थोडा देतात. एप्रिल १८९८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ड्युईचा ताफा हाँगकाँगला होता. स्पेनशी युद्ध जाहीर होताच ब्रिटनच्या तटस्थतेमुळे त्याला बंदर सोडावं लागलं. त्याच्याकडे त्या भागात स्वतःचा एकही तळ नव्हता, म्हणून आधीच 'नानशान' हे कोळशाचं जहाज भरलेल्या मालासकट विकत घेऊन ठेवलेलं. १ मे ला मनिलाच्या उपसागरात स्पेनचा ताफा बुडवल्यावर तो तिथेच थांबला. परतायला जवळचं आपलं बंदर कुठे होतं? नकाशावर मोजायला लावा.

दुसरं उदाहरण 'ओरेगन' युद्धनौका. १९ मार्च १८९८ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली, दक्षिण अमेरिकेला वळसा घालून २४ मे ला फ्लोरिडाजवळ पोचली. ६६ दिवस, १४,००० सागरी मैलांहून जास्त. वृत्तपत्रं रोज तिचा प्रवास छापत होती. पनामाच्या कालव्याचा तास इथून सुरू करा, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या स्वभावापासून नको.

साहित्य: पॅसिफिकचा नकाशा, दोरा, आणि कर्कटक. 'भरल्या कोळशात ४,००० सागरी मैल' अशी एक मर्यादा सरावापुरती धरा आणि सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलाला जाणारा रस्ता आखायला सांगा. मुलं आपोआप होनोलुलूवर, मग मिडवे किंवा ग्वामवर टेकतात. त्यानंतर ताब्यात घेतल्याची सालं: मिडवे १८६७, हवाई १८९८, ग्वाम १८९८, वेक १८९९. सपाट नकाशावर दोरा लावला तर अंतरं चुकतात, कारण उत्तरेकडे नकाशा ताणलेला असतो. पृथ्वीगोल असेल तर तोच वापरा, नसेल तर अंतरं छापून द्या.

हवाईच्या तासांबद्दल. साखरेपासून सुरुवात करा. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जायला लागली. १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात काढली आणि देशी उत्पादकांना पौंडामागे २ सेंट बक्षीस दिलं. म्हणजे हवाईच्या मळेवाल्यांची सवलत एका कायद्याने संपली. १७ जानेवारी १८९३ ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं तेव्हा 'बोस्टन' जहाजावरचे सुमारे १६० नौसैनिक होनोलुलूत उतरलेले होते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने चौकशी लावली, विलीनीकरणाचा तह मागे घेतला. म्हणजे १८९३ ला 'नको' म्हणणारं वॉशिंग्टन १८९८ ला 'हवं' म्हणालं. मधे काय बदललं हाच तासाचा प्रश्न.

कागदपत्र म्हणून १८९७ च्या विलीनीकरणविरोधी अर्जाची दोन-तीन पानं दाखवा. २१,२६९ सह्या, ५५६ पानं, राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली. मूळ हवाईयन लोकसंख्या तेव्हा सुमारे ४०,००० होती. मुलांना पानावरची नावं, वयं आणि गाव वाचू द्या. 'स्थानिकांनी फारसा विरोध केला नाही' हे जुन्या पुस्तकांतलं वाक्य त्या पानांपुढे टिकत नाही.

एक बारकावा. तहाला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात आणि ती जमत नव्हती, म्हणून जुलै १८९८ मध्ये साध्या बहुमताचा संयुक्त ठराव आणला. सिनेटमध्ये मतदान ४२ विरुद्ध २१ झालं. हुशार विद्यार्थी म्हणेल, 'हे तर बरोबर दोन-तृतीयांश आहे!' त्याला सांगा की सिनेटर ९० होते, बरेच जण मतदानात नव्हते, आणि युद्ध सुरू झाल्यानंतरचं हे वातावरण आहे.

नवी_तुकडी

कोळशाचा तास तसाच घेते. माझी अडचण वेगळी आहे. पुण्यातल्या मुलांना अमेरिकेचं अंतर्गत काहीच माहीत नसतं, ओमाहा काय आणि पिट्सबर्ग काय. त्यांना आत शिरायला दार कुठलं?

जुनी_पानं

दोन दारं सुचवतो, दोन्ही ओढूनताणून आणलेली नाहीत.

एक, कापूस. १८६१–६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या, भाव चढले, मुंबईत शेअरांचा सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. दख्खनच्या शेतकऱ्याला मिळणारं कर्ज आटलं. १८७५ च्या सुपे भागातल्या दंग्यांमागच्या अनेक कारणांपैकी ते एक. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. यातून एकच गोष्ट न्यायची: अमेरिकेतला माल अडला-सुटला की दुसऱ्या खंडातलं गाव हलतं.

दोन, पंडिता रमाबाई. त्या १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर होत्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचं पुस्तक १८८९ चं. ज्या वर्षी शिकागोत हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्बस्फोट झाला (४ मे १८८६) त्याच वर्षी ही मराठी बाई त्या देशात हिंडून शाळा, संस्था, बायकांची कामं पाहत होती. अमेरिकेत वाढणाऱ्या आणि मराठी वाचू शकणाऱ्या मुलांसाठी तर हे मूळ साधनच आहे. पण साधन म्हणूनच वाचायचं: ब्रिटिश अंमलाखालून आलेली लेखिका प्रजासत्ताकाकडे कौतुकाने पाहते आहे. कशाचं कौतुक, कशावर टीका, आणि पोलाद-कामगार तिच्या नजरेत कितपत येतात, असे तीन स्तंभ करून दीड-दोन पानांचा उतारा द्या.

अवांतर: जमशेटजी टाटा १९०२ मध्ये अमेरिकेला गेले, पिट्सबर्ग पाहिलं, आणि चार्ल्स पेज पेरिन या अमेरिकी अभियंत्याला भारतात आणलं. कार्डांच्या सरावानंतर 'हीच साखळी साकचीला (आजच्या जमशेदपूरला) कशी जुळवली' असा गृहपाठ देता येतो.

फळा_खडू

'मेन'चा तास कसा बसवावा? चौकशांचे अहवाल मोठे आहेत.

सनावळी

अहवाल नकोत, निष्कर्ष पुरे. १५ फेब्रुवारी १८९८ ला क्युबातल्या हवानाच्या बंदरात या अमेरिकी युद्धनौकेवर स्फोट, २६० हून अधिक मृत. तीन पाकिटं करा. पाकीट १: १८९८ ची नौदल चौकशी, निष्कर्ष – बाहेरून सुरुंग, कोणी लावला ते सांगितलं नाही. पाकीट २: १९११, जहाजाभोवती बांध घालून पाणी उपसल्यानंतरची तपासणी, निष्कर्ष – बाहेरूनच, पण स्फोटाची जागा दुसरी. पाकीट ३: १९७६, अॅडमिरल रिकोव्हर यांच्या पुढाकाराने झालेला अभ्यास – बहुधा कोळशाच्या कोठारातली आग शेजारच्या दारूगोळ्याला लागली.

आधी पाकीट १ आणि त्या आठवड्यातलं वृत्तपत्राचं पहिलं पान. मत लिहून घ्या. मग २, पुन्हा मत. मग ३. तिसरं पाकीट मिळाल्यावर मुलं 'म्हणजे युद्ध चुकून झालं' असं लिहितात, तिथे थांबवा. युद्धाचा निर्णय १८९८ च्या माहितीवर झाला, १९७६ च्या नाही. शिवाय क्युबातलं बंड १८९५ पासून चालू होतं आणि स्पेनच्या छावण्यांत लोक मरत होते. स्फोट झाला नसता तरी ताण होताच.

'तुम्ही चित्रं पुरवा, मी युद्ध पुरवतो' ही वृत्तपत्रमालक हर्स्टची तार फलकावर लावू नका. तशी तार पाठवल्याचा पुरावा नाही.

काठावरचे_धडे

फिलिपिन्सबद्दल. बहुतेक पुस्तकं १० डिसेंबर १८९८ च्या स्पेनशी झालेल्या पॅरिस तहावर, फिलिपिन्ससाठी दिलेल्या २ कोटी डॉलरवर संपवतात. खरं तर मोठं युद्ध तिथून सुरू होतं. स्पेनशी झालेल्या लढायांत ३८५ अमेरिकी सैनिक मारले गेले, रोगाने त्याच्या कितीतरी पट. ४ फेब्रुवारी १८९९ ला सुरू झालेल्या फिलिपिन्सच्या युद्धात ४,२०० च्या वर अमेरिकी गेले, सुमारे २०,००० फिलिपिनो लढवय्ये, आणि हिंसा, उपासमार, रोगराई मिळून २ लाखांपर्यंत नागरिक. हे चार आकडे एका ओळीत लिहा आणि मग पुस्तकात कोणत्या युद्धाला किती पानं आहेत ते मुलांना मोजू द्या.

सिनेटने तह ६ फेब्रुवारी १८९९ ला ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. लागत होती ५६. एक मत जास्त. म्हणजे देश एकमुखाने साम्राज्याकडे गेला नाही. साम्राज्यवादविरोधी संघात मार्क ट्वेन होता आणि अँड्र्यू कार्नेगीही होता! तिसऱ्या-चौथ्या तासाला मुलांनी ज्या कार्नेगीला पोलादसम्राट म्हणून पाहिलं तोच इथे विरोधात उभा आहे, हे सांगितल्यावर 'कारखानदारांना वसाहती हव्या होत्या' या वाक्याला वर्गातच तडा जातो. संघातले काही जण मात्र 'परक्या वर्णाचे लोक आपल्यात नकोत' म्हणून विरोधात होते. तेही वाचायला द्या, नाहीतर विरोधक सगळे संत ठरतात.

व्यंगचित्र: 'पक' या विनोदी साप्ताहिकातलं २५ जानेवारी १८९९ चं, अंकल सॅमच्या शाळेचं. पुढच्या बाकावर फिलिपिन्स, हवाई, पोर्तो रिको, क्युबा. दारात चिनी मुलगा, कोपऱ्यात उलटं पुस्तक धरलेला मूळ अमेरिकी, खिडकी पुसणारा काळा मुलगा. पायऱ्या अशा: तीन मिनिटं फक्त काय दिसतं त्याची यादी, मत नाही. मग चित्राचे चार तुकडे चार गटांना. मग फळ्यावर चित्रकाराने लिहिलेला मजकूर. शेवटी प्रश्न: देशातल्या कोणत्या गोष्टी इथे परदेशावर लावल्या आहेत? १८८२ चा चिनी कायदा पहिल्या आठवड्यात झालेला असतो, तो इथे मुलं स्वतः जोडतात. चित्र अपमानकारक आहे हे दाखवण्याआधी सांगा, आणि त्यातली पात्रं मुलांकडून वठवून घेऊ नका. वर्गात फिलिपिनो मूल असेल तर त्याला 'तुमच्याकडे काय मानतात?' असं विचारू नका. स्वतःहून बोललं तर ऐका.

फिलिपिन्सच्या सामार बेटावरचा जनरल स्मिथचा १९०१ चा सरसकट ठार मारण्याचा हुकूम आणि १९०२ च्या सिनेट समितीसमोरच्या साक्षी वर्णनात न शिरता द्या. शंभर शब्दांचा उतारा पुरे. स्मिथवर लष्करी खटला चालला, समज देऊन निवृत्त केलं. शिक्षा पुरेशी होती का, हा प्रश्न मुलांवर सोडा.

'इन्सुलर' खटले (ताब्यात घेतलेल्या बेटांच्या हक्कांबद्दलचे, १९०१ पासून) वीस मिनिटांत: झेंड्यामागोमाग पूर्ण राज्यघटना जाते का? न्यायालय म्हणालं, आपोआप नाही. पोर्तो रिकोला नागरिकत्व १९१७ मध्ये मिळालं, पण तिथे राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही. मुलांना हा विषय आजचा वाटतो तो इथे.

तक्तेवाला

+१. आणि पनामाला एकच तास बरोबर आहे. ३ नोव्हेंबर १९०३ चं कोलंबियाविरुद्धचं बंड, पंधरा दिवसांत अमेरिकेशी करार, १ कोटी डॉलर आणि वर्षाला अडीच लाख, १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा खुला. मजुरांपैकी मोठा भाग बार्बाडोस-जमैकाचा. पगाराच्या 'सोनेरी' (मुख्यतः गोऱ्या अमेरिकनांची) आणि 'चंदेरी' (बाकीच्या मजुरांची) याद्या वेगळ्या. होमस्टेडच्या १४ सेंटांशी तुलना करायचा मोह होईल, पण राहणं-जेवण धरून हिशेब वेगळा आहे. टाळा.

फळा_खडू

सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा: भांडवलदारांवरचा वादविवाद घेत नाही. कोळशाला पूर्ण तास. १८९३ चा तास निर्यातीच्या पानाबरोबर जोडला. फिलिपिन्सला दोनाचे तीन तास, त्यासाठी तेल आणि पोलाद मिळून दीड तासात बसवतो आणि उरलेला अर्धा रेल्वेतून काढतो.

लेखनाच्या तासाबद्दल शेवटचं विचारतो. एपीच्या डीबीक्यूला (दिलेल्या कागदपत्रांवर आधारित निबंधाला) सात कागद, वाचनाची १५ मिनिटं धरून ६० मिनिटं आणि ७ गुण असतात. आपला तास ५० चा. काय कापावं?

काठावरचे_धडे

कागद कापा, वेळ नको. पाच द्या: निर्यातीचा तक्ता, बेव्हरिज, हवाईच्या अर्जाचं पान, 'ओरेगन'चा मार्ग दाखवणारा नकाशा, साम्राज्यविरोधी संघाचा जाहीरनामा. प्रत्येक मजकूर १२० ते १५० शब्दांत, खाली कठीण शब्दांचे अर्थ. प्रश्न पहिल्या दिवशीचाच. दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं मुद्दे, पस्तीस लेखन.

गुण देताना पाहायचं ते एवढंच: निदान दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध जातात हे मुलाने ओळखलं का, आणि ओळखल्यावर त्यातला एक लपवला की दोन्ही सांभाळून लिहिलं. 'कारखाने, नौदल आणि वंशश्रेष्ठत्व ही तीन कारणं होती' अशी यादी आली तर अर्धेच गुण. कारणांचा आपसातला संबंध सांगितला पाहिजे. नकाशा बहुतेक मुलं वापरतच नाहीत. म्हणून प्रश्नपत्रिकेवर 'निदान एक नकाशा किंवा तक्ता पुरावा म्हणून वापरा' हे छापील द्या. तोंडी सांगितलेलं लिहिताना विसरतात.